अंतराळयात्रिकांचीं मनगटी घड्याळें

लग्नघरीं घंगाळांत सोडलेलें घटिकापात्र आज बहुतेक ठिकाणीं नांवापुरतेंच उरलें असलें, तरी मुहूर्ताच्या घटकेची काळजी आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाहीं. एका अहोरात्राच्या साठ घटिका आणि एका घटिकेचीं साठ पळें, हें कोष्टक आमच्या पाठशाळेंत मुखोद्गत करून घेत असत. आजच्या हिशेबानें घटिका म्हणजे २४ मिनिटें आणि पळ म्हणजे २४ सेकंद. हें कोष्टक आरंभींच देण्याचें कारण असें कीं, जी हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, तिचें माप या जुन्या कोष्टकांत फार सुबक बसतें. पृथ्वीभोंवतीं जो पहिला मानव फिरून आला, त्याला उड्डाणापासून भूमीवर परत येईपर्यंत १०८ मिनिटें, म्हणजे साडेचार घटिका लागल्या. यानाबाहेरच्या पोकळींत प्रथम उतरलेला मनुष्य सुमारें अर्धी घटिका बाहेर होता. आणि एका प्रसंगीं तीन माणसांचे प्राण ज्या अवधीच्या अचूकपणावर अवलंबून होते, तो अवधि पुरत्या एका पळाचाही नव्हता. तो अवघ्या १४ सेकंदांचा होता. विशेष हें कीं, तो मोजला गेला एका मनगटी घड्याळावर, आणि त्या घड्याळाला रोज हातानें किल्ली द्यावी लागत असे.

अंतराळांत जाणाऱ्यास मनगटी घड्याळ हवेंच कशाला, अशी शंका कोणी घेईल. पृथ्वीवर आपलें मूळ घड्याळ म्हणजे सूर्य. तो उगवला कीं दिवस, मावळला कीं रात्र. परंतु दोन-तीनशें किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यानास पृथ्वीची एक प्रदक्षिणा करण्यास सुमारें ९० मिनिटें, म्हणजे पावणेचार घटिका पुरतात, आणि तेवढ्या वेळांत आंतल्या प्रवाशास एक सूर्योदय व एक सूर्यास्त दिसून जातो. अहोरात्रांत सोळा वेळां सूर्य उगवूं लागला, तर संध्या कितीदां करावी आणि जेवावें केव्हां, असा पेंच आपल्या आजोबांस पडला असता! तात्पर्य, तेथें सूर्याची साक्ष कामास येत नाहीं. काळ मोजण्याचें साधन बरोबर न्यावें लागतें.

आतां तें साधन कोणतें? आपल्या पूर्वजांचीं सर्व साधनें येथें निरुपयोगी ठरतात, ही मौजेची गोष्ट आहे. यान आणि त्यांतील सर्व वस्तु एकाच गतीनें पृथ्वीभोंवतीं जणुं पडत असल्यामुळें आंतल्या माणसास कशाचेंच वजन जाणवत नाहीं. घटिकापात्र पाण्यांत बुडतें तें आपल्या वजनानें, म्हणून तेथें तें बुडणार नाहीं. किंबहुना घंगाळांतलें पाणीच घंगाळांत राहणार नाहीं. वाळूच्या घड्याळांतली वाळू खालीं पडणार नाहीं, कारण तेथें ‘खालीं’ असें कांहीं नसतें. वाड्याच्या ओसरीवर टोले देणारें लंबकाचें घड्याळ तेथें नेलें तर तेंही बंद पडेल. कारण लंबक एका बाजूस गेल्यावर त्यास परत आणतें तें पृथ्वीचें आकर्षण. मनगटी घड्याळाची रचना मात्र निराळी आहे. त्यांत गुंडाळलेली एक कमान असते. किल्ली दिली म्हणजे ती आवळते आणि उलगडतां उलगडतां चक्रांना गति देते. त्या गतीला माप लावणारें एक चिमुकलें चक्र असतें. तें केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर मागेंपुढें झोके घेतें. हा सारा व्यवहार कमानीच्या ताणाचा असल्यामुळें वजन असो वा नसो, तो चालूंच राहतो. म्हणून माणसाच्या आधीं आणि माणसाबरोबर आकाशांत गेलें तें हेंच साधन.

‘माणसाच्या आधीं’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. मार्च १९६१ मध्यें रशियानें एका चांचणी-उड्डाणांत चेर्नुश्का नांवाची कुत्री पाठविली होती. तिच्या पायास एका वैद्य शास्त्रज्ञानें स्वतःचें ‘पोबेदा’ जातीचें घड्याळ बांधून दिलें आणि कुत्रीबरोबर तेंही सुखरूप परत आलें, अशी हकीकत सांगितली जाते. पुढच्याच महिन्यांत, ता. १२ एप्रिल १९६१ रोजीं, यूरी गागारिन हे ‘वोस्तोक’ यानांतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांच्या मनगटावर मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ-कारखान्यांत तयार झालेलें ‘श्तुर्मान्स्की’ घड्याळ होतें. रशियन भाषेंत ‘श्तुर्मान’ म्हणजे मार्गदर्शक नाविक. हें घड्याळ बाजारांत मिळत नसे. तें तेथील हवाई दलाच्या वैमानिकांना दिलें जाई. अंतराळासाठीं म्हणून त्यांत कांहींही विशेष केलेलें नव्हतें. वैमानिकाच्या मनगटावर रोज असणारें घड्याळच त्या दिवशीं जगाच्या इतिहासांत शिरलें.

त्याच १९६१ सालीं आपल्या देशांतही घड्याळाच्या इतिहासांतील एक महत्त्वाची गोष्ट घडली. बंगळूर येथें हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें मनगटी घड्याळें तयार करण्यास आरंभ केला. तोंवर आपल्याकडचें बहुतेक घड्याळ स्वित्झर्लंडहून येई आणि मुंबईच्या पेढ्यांमार्फत गांवोगांवच्या दुकानदारांपर्यंत पोहोंचे. ‘एच. एम. टी.’ हीं तीन अक्षरें लौकरच घरोघरीं झालीं. मॅट्रिक झालेल्या मुलास, नोकरीस लागलेल्या भावास आणि बोहल्यावर चढणाऱ्या जांवयास तेंच घड्याळ मिळूं लागलें. पुढें या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ सालीं बंद झाला. तरी तिचीं घड्याळें आजही पुष्कळ कपाटांतून जपून ठेवलेलीं आढळतात. १९६१ सालच्याच अखेरीस गागारिन हे हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हां मुंबईकरांसही त्यांचें दर्शन घडलें.

आतां अमेरिकेकडे वळूं. ता. २० फेब्रुवारी १९६२ रोजीं जॉन ग्लेन यांनीं पृथ्वीभोंवतीं तीन प्रदक्षिणा केल्या. त्यांच्या पोशाखाच्या बाहीवर ‘होयर’ कंपनीचें एक स्टॉपवॉच पट्ट्यानें बांधलेलें होतें. शर्यतीच्या मैदानावर पंच वापरतात तसल्याच प्रकारचें. त्याच वर्षी ता. २४ मे रोजीं स्कॉट कार्पेंटर गेले. त्यांनीं ‘ब्राइटलिंग’ कंपनीकडून आपलें घड्याळ विशेष सूचना देऊन करवून घेतलें होतें. त्याच्या तबकडीवर बाराच्या ऐवजीं चोवीस तास होते. कारण उघड आहे. दर पावणेचार घटिकांनीं दिवस-रात्र उलटूं लागल्यावर कांटा सहावर दिसला तर ते सकाळचे सहा कीं संध्याकाळचे, हें खिडकींतून पाहून कसें कळणार? घड्याळानें उड्डाणांत आपलें काम केलें. परंतु यान समुद्रांत ठरलेल्या जागेपासून सुमारें चारशें किलोमीटर दूर उतरलें आणि त्या गडबडींत खारें पाणी आंत शिरून घड्याळ निकामी झालें. त्याच सालच्या ता. ३ ऑक्टोबर रोजीं वॉल्टर शिरा यांनीं उड्डाण केलें, तेव्हां त्यांच्या हातावर स्वतः विकत घेतलेलें ‘ओमेगा स्पीडमास्टर’ होतें. ही जात १९५७ सालीं बाजारांत आली ती मोटारींच्या शर्यतींसाठीं. तास-मिनिट दाखविण्याबरोबर मधलाच एखादा अवधि स्वतंत्रपणें मोजण्याची सोय तिच्यांत होती. अशा घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात.

येथवर सर्व कारभार हौशीचा होता. परंतु यानाबाहेर उतरून काम करण्याची वेळ जवळ आली, तेव्हां अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें १९६४ सालीं घड्याळांची रीतसर परीक्षा घेण्याचें ठरविलें. या परीक्षेचें वर्णन आम्हांस शिक्षक या नात्यानें फार आवडतें. कारण परीक्षा कशी असावी याचा तो वस्तुपाठ आहे. घड्याळें मागवितांना तीं खास तयार करवून घेतलीं नाहींत. दुकानांत मिळतात तींच घेतलीं. ओमेगा, रोलेक्स आणि लाँजीन या तीन कंपन्यांचीं घड्याळें प्रत्यक्ष परीक्षेस बसलीं. त्यांना ७१ अंश सेल्सिअस उष्णतेंत दोन दिवस ठेवलें, मग ९३ अंशांपर्यंत तापविलें. शून्याखालीं १८ अंश इतक्या थंडींत गारठविलें. दमट हवेंत आणि निर्वात पेटींत कोंडलें. आदळआपट, थरथराट आणि कानठळ्या बसविणारा आवाज यांचा मारा केला. कोणाचा कांटा वांकला, कोणाची कांच निखळली, कोणी मध्येंच थांबलें. ओमेगाचें घड्याळ मात्र शेवटपर्यंत चालत राहिलें, आणि ता. १ मार्च १९६५ रोजीं तें उत्तीर्ण ठरलें. त्याच्या तबकडीवरील ‘कांच’ ही वस्तुतः कांच नसून न फुटणारें पारदर्शक प्लॅस्टिक होतें, ही गोष्टही महत्त्वाची. जेथें कशासच वजन नाहीं तेथें फुटलेल्या कांचेचे कण जमिनीवर पडत नाहींत. ते हवेंत तरंगत राहतात आणि डोळ्यांत किंवा श्वासांत जातात.

रशियन यात्रिक याहीबाबतींत पुढें होते. ता. १८ मार्च १९६५ रोजीं अलेक्सेय लिओनोव हे यानाबाहेर पोकळींत उतरणारे पहिले मानव ठरले. ते सुमारें बारा मिनिटें, म्हणजे अर्धी घटिका, बाहेर होते. त्यांच्याजवळ ‘स्त्रेला’ नांवाचें रशियन क्रोनोग्राफ घड्याळ होतें. ता. ३ जून रोजीं अमेरिकेचे एडवर्ड व्हाइट यानाबाहेर पडले, तेव्हां त्यांच्या पोशाखाच्या बाहीवर तें परीक्षा उत्तीर्ण झालेलें घड्याळ होतें. जाड हातमोज्यांवरून बांधतां यावें म्हणून त्यास लांब पट्टा लाविलेला असे.

पुढें जुलै १९६९ मध्यें नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन हे चंद्रावर उतरले. त्यांच्या चांद्रयानांतील विजेचें घड्याळ बिघडलें होतें. म्हणून आर्मस्ट्राँग यांनीं आपलें मनगटी घड्याळ त्याच्या जागीं यानांतच ठेविलें व ते स्वतः घड्याळावांचून चंद्रावर उतरले. चंद्रभूमीवर जें मनगटी घड्याळ प्रथम गेलें, तें ऑल्ड्रिन यांच्या बाहीवरचें. कोट्यवधि रुपयांचें यान, त्यांतील यंत्र बंद पडतें, आणि त्याची उणीव एका मनगटी घड्याळानें भरून काढली जाते, यांत आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार आलें आहे. हे दोघे आणि त्यांचे सहकारी मायकेल कॉलिन्स असे तिघेही त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस जगप्रवासांत मुंबईस आले होते.

परंतु मनगटी घड्याळाची खरी कसोटी त्यानंतर लागली. ता. ११ एप्रिल १९७० रोजीं जिम लव्हेल, फ्रेड हेझ व जॅक स्विगर्ट हे तिघे ‘अपोलो १३’ मधून चंद्राकडे निघाले. दोन दिवसांनीं, पृथ्वीपासून सुमारें सव्वातीन लाख किलोमीटर अंतरावर, यानांतील प्राणवायूची एक टाकी फुटली. मुख्य यानाची वीज जाऊं लागली. चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून तिघांनीं चांद्रयानाचा आश्रय घेतला. बुडत्या जहाजावरील माणसांनीं होडींत उतरावें तसा. तेथली वीज पुरवून पुरवून वापरावयाची म्हणून गणकयंत्र आणि मार्गदर्शक यंत्रें बंद करावीं लागलीं. आंत थंडी पडली, भिंतींवर दंव सांचलें. अशा स्थितींत असें आढळून आलें कीं, यानाचा मार्ग किंचित् चुकतो आहे. तो तसाच राहता तर पृथ्वीच्या वातावरणांत शिरण्याऐवजीं यान, तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावला असतां उसळून जातो तसें, उसळून निघून गेलें असतें.

उपाय एकच होता: एंजिन बरोबर १४ सेकंद चालवावयाचें. कमी नाहीं कीं जास्त नाहीं. यंत्रें बंद असल्यामुळें हें काम तिघांनीं आपसांत वांटून घेतलें. लव्हेल आणि हेझ यांनीं खिडकींतून पृथ्वीवरील उजेड-अंधाराची सीमारेषा नजरेंत धरून यानाचें तोंड स्थिर ठेविलें. स्विगर्ट यांनीं मनगटावरच्या घड्याळांत सेकंद मोजले. ता. १५ एप्रिल रोजीं तें कार्य पार पडलें आणि ता. १७ रोजीं तिघेही प्रशांत महासागरांत सुखरूप उतरले. त्यांच्या परत येण्यांत शेंकडों माणसांच्या बुद्धीचा आणि श्रमांचा वांटा होता, हें खरें. तथापि त्या एका पळाच्या आंत, जेव्हां कोणतेंही मोठें यंत्र जागें नव्हतें, तेव्हां किल्ली दिलेली एक कमान तेवढी इमानेंइतबारें उलगडत होती.

परीक्षेंत पहिलें आलेलें घड्याळ कधींच चुकत नाहीं, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १९७१ सालीं ‘अपोलो १५’ चे डेव्हिड स्कॉट चंद्रावर असतांना त्यांच्या घड्याळाची कांच निखळली. पुढच्या फेरीस त्यांनीं बरोबर आणलेलें ‘बुलोवा’ कंपनीचें दुसरें घड्याळ वापरलें. तें घड्याळ २०१५ सालीं लिलावांत सोळा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकावर गेलेले विल्यम पोग यांनीं आपलें स्वतःचें जपानी ‘सैको’ घड्याळ, वरिष्ठांच्या संमतीवांचूनच, खिशांत घालून नेलें. तें हाताच्या हालचालीनें आपोआप किल्ली बसणाऱ्या जातीचें होतें. अशा घड्याळांतील फिरतें वजन वजनरहित स्थितींत फिरेल कीं नाहीं, याविषयीं तज्ज्ञांस शंका होती. पोग यांचें घड्याळ ८४ दिवस चालत राहिलें आणि शंका फिटली.

या यात्रिकांच्या मनगटावर वेळ असे ती कोठली, हाही विचार करण्याजोगा आहे. एप्रिल १९८४ मध्यें राकेश शर्मा हे रशियन यानांतून अंतराळांत गेले, तेव्हां आम्ही शिक्षकी पेशांत नवे होतों. वर्गांतल्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तिथं आत्ता किती वाजले असतील?” प्रश्न भोळा, पण मोठा होता. रशियन यात्रिकांचें कामकाज मॉस्कोच्या वेळेवर चाले, अमेरिकनांच्या हातावर ह्यूस्टनची वेळ असे. म्हणजे मनुष्य कोठेंही असला तरी त्याचें घड्याळ त्याच्या माणसांबरोबर चालत असे. आपणही निराळें कांहीं करीत नाहीं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. आमचें करमाळें त्याच्या पश्चिमेस सव्वासात अंशांवर. त्यामुळें कमलाभवानीच्या देवळावर सूर्य माध्यान्हीं येतो, तेव्हां आमच्या घड्याळांत सरासरीनें साडेबारा वाजण्यास एखादें मिनिट कमी असतें. मुंबईत तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटांनीं मागें असलेली ‘मुंबई टाइम’ आणि प्रमाणवेळ अशा दोन वेळा नांदत होत्या, आणि पाहुण्यास बोलावतांना कोणत्या वेळेनें यावें हेंही सांगावें लागे. जेऊरच्या स्टेशनांत गाडी येते ती करमाळ्याच्या सूर्यावर नव्हे, सर्वांनीं मान्य केलेल्या वेळेवर. घड्याळ बाळगणें म्हणजे अशा रीतीनें दूरच्या माणसांशीं केलेला करार पाळणें होय.

आज प्रत्येकाच्या हातांत दूरध्वनि आहे आणि तो वेळ अचूक सांगतो. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पण तो विजेवर आणि दुसऱ्याच्या यंत्रणेवर चालतो, हेंही विसरूं नये. ज्यांच्या हाताशीं त्या काळचीं उत्तमोत्तम यंत्रें होतीं, त्या लोकांनीं मनगटावर एक स्वतंत्र साधन बाळगलें, आणि वेळ आली तेव्हां तेंच उपयोगी पडलें. म्हणून आमची गृहस्थांस व गृहिणींस एवढीच विनंती आहे कीं, कपाटांत पडलेलें वडिलांचें किंवा आजोबांचें घड्याळ चांगल्या कारागिराकडून साफ करवून घ्यावें आणि त्यास रोज एका ठराविक वेळीं किल्ली देण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावें. रोज तेवढ्या एका गोष्टीची आठवण ठेवणें, हेंही एक शिक्षणच आहे.

त्याबरोबरच त्या मुलास सेकंदकांट्याचा उपयोग शिकवावा. रात्रीं वीज गेली आहे, आजीबाईंना अस्वस्थ वाटतें आहे, डॉक्टर येईपर्यंत अवकाश आहे. अशा वेळीं मनगटावर दोन बोटें ठेवून, कंदिलाच्या उजेडांत पंधरा सेकंदांचे ठोके मोजून त्यांची चौपट करणें दहा वर्षांच्या मुलासही जमतें, आणि डॉक्टरांस तो आंकडा उपयोगी पडतो. एक पळभर लक्ष न ढळूं देतां मोजतां येणें ही लहान विद्या नव्हे. स्विगर्ट यांनीं त्या थंड यानांत याहून वेगळें कांहीं केलें नव्हतें.